आधी ती वही परत द्या

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला. दहावीला ८८ टक्के, यंदा सहामाहीत गणितात ८० पैकी ३४. ती 'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका बघते आणि तिला दिसलेल्या चुका वहीत टिपून ठेवते. श्रीमंत, खडूस कारखानदार मिस्टर बर्न्स यांच्यावर गोळी कोणी झाडली, या १९९५ मधल्या दोन भागांच्या रहस्यकथेवरच तिने अर्धी वही भरली आहे. वडिलांनी ती वही बोर्डाची परीक्षा होईपर्यंत कपाटात कुलूपबंद केली. त्यांचे प्रश्न दोन: हे वेड कसं सोडवायचं, आणि सुटणारच नसेल तर पुण्यातल्या एका खासगी संस्थेत सहा लाख भरून तिला अ‍ॅनिमेशनला घालायचं का?

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला त्या ३४ गुणांपेक्षा जास्त खुपलं. "चुका शोधायची एवढी हौस असेल तर आधी स्वतःच्या गणिताच्या पेपरात शोध," असं तुम्ही तिला सगळ्यांसमोर म्हणालात, आणि तेव्हापासून ती जेवायलाही तुमच्याबरोबर बसत नाही. हे तुम्ही ओघात लिहून पुढे फीच्या हिशेबाकडे वळलात. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. सतरा वर्षांच्या मुलीने मन लावून केलेली एक गोष्ट तुम्ही कुलपात टाकलीत आणि वर तिच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. यातून गणित सुधारणार नाही. घरात दाखवलेली प्रत्येक आवड आपल्याविरुद्ध वापरली जाते, एवढंच तिला कळेल.

वेडाचा पुरावा म्हणून तुम्ही वहीतली एक ओळ उतरवून पाठवली आहे: "आजोबांचं पिस्तूल वेगळं. मग गाडीच्या सीटखाली सापडलं ते कोणाचं?" साहेब, त्या रहस्याची किल्ली नेमकी याच प्रश्नात आहे. ते पिस्तूल खुद्द बर्न्सचं. पहिल्या भागात तो कोट उघडून ते सगळ्या गावाला दाखवतो आणि बघणारे विसरून जातात. गाडीत बसलेल्या, सिम्पसन कुटुंबातल्या तान्ह्या मॅगीच्या हातातली गोळी, म्हणजे खायची, हिसकावताना ते निसटतं आणि झडतं. सीटखाली पडलेला आइस्क्रीमचा कोन चाचपडताना तिच्या वडिलांची, होमरची, बोटं त्यावर उमटतात, म्हणून संशय त्याच्यावर. जखमी बर्न्स सूर्यघड्याळावर कोसळतो तेव्हा त्याचे हात डब्ल्यू आणि एस या अक्षरांवर असतात. त्याच्या बाजूने पाहिलं की डब्ल्यूचा होतो एम, म्हणजे मॅगी सिम्पसन. पहिला भाग मे १९९५ मध्ये दाखवला, दुसरा सप्टेंबरमध्ये. मधल्या उन्हाळ्यात प्रेक्षकांसाठी गुन्हेगार ओळखायची स्पर्धा होती. शेवटी चुकीची उत्तरं देणाऱ्यांतूनच विजेता निवडावा लागला. गुपित फुटू नये म्हणून दुसऱ्याच पात्रांनी गोळी झाडल्याचे खोटे प्रसंगही तयार करून ठेवले होते. त्यातले काही त्याच वर्षी डिसेंबरमधल्या एका विशेष भागात दाखवले गेले.

मुद्दा असा, की अशा भागात चूक कुठली आणि मुद्दाम ठेवलेला दुवा कुठला, हे वेगळं करणं हीच खरी कसोटी असते. तुमची मुलगी ते करायला लागली आहे. एक सल्ला तिच्यासाठी. वहीत दोन रकाने पाडावेत. चित्रातली गफलत, म्हणजे एखादी वस्तू पुढच्या दृश्यात गायब होणं किंवा तिचा रंग बदलणं, एका बाजूला. कथेतलं न जुळणारं दुसऱ्या बाजूला. पहिली गफलत बहुधा चित्रं हातोहात फिरताना होते, दुसरी लेखकाच्या टेबलावर.

आता तुमचा सहा लाखांचा प्रश्न. कार्टून आवडतं म्हणजे मूल अ‍ॅनिमेशनला घालायचं, हा गैरसमज मला दर मोसमात भेटतो आणि संस्थांचं त्यावर उत्तम चालतं. तुम्हीच लिहिता की तिची चित्रकला जेमतेम आहे आणि तिला चित्रं काढायला आवडतही नाही. मग तिथे ती काय करणार? अशा मालिकेत आधी संहिता लिहिली जाते, मग आवाज ध्वनिमुद्रित होतात, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची कच्ची चित्रमालिका, मग कच्चं चलचित्र, आणि बरंचसं प्रत्यक्ष रेखाटन आणि रंगकाम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओत होतं. ही रहस्यकथा रचणारे बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन हे लेखक. चित्रं काढणं हे त्यांचं कामच नव्हे. तुमच्या मुलीचं लक्ष जिथे जातं ती कामं लेखनाची, संकलनाची आणि कंटिन्युइटीची आहेत. आपल्या मराठी मालिकांच्या सेटवरही मागच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता हे सांगणारा माणूस लागतो. त्याने नीट पाहिलं नाही तर शॉट पुन्हा घ्यावा लागतो.

परीक्षांबद्दल एका ओळीत: डिझाइनकडे जायचं तर यूसीड (आयआयटींची डिझाइन प्रवेशपरीक्षा) आणि एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, डॅट ही प्रवेशपरीक्षा कुठल्याही शाखेतून बारावी करणाऱ्याला देता येते, आणि पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेत संकलनाला पदवी लागते. माझं मत विचाराल तर यातलं काहीच यंदा ठरवू नका. आधी एखादी चांगली पदवी होऊ द्या, मग ती साहित्याची असो, मानसशास्त्राची असो की संख्याशास्त्राची.

हो, संख्याशास्त्राची. तिचं गणित संपलं असं तुम्ही धरून चालला आहात, मी नाही. याच मालिकेच्या लेखकांत गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेली माणसं होती. त्यांतल्या डेव्हिड कोहेन यांनी ऑक्टोबर १९९५ च्या भागात मागच्या पडद्यावर एक समीकरण टाकलं: १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. फर्माच्या प्रमेयानुसार हे अशक्य आहे: दोनपेक्षा मोठ्या घातांची अशी बेरीज पूर्णांकांत कधीच जुळत नाही. दहा अंकी कॅल्क्युलेटरवर मात्र बरोबर दिसतं, कारण फरक त्या अंकांच्या पलीकडे लपतो. पण कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून बघा: सम अधिक विषम म्हणजे विषम, आणि उजवीकडे सम. तोंडी पकडता येणारी चूक! १९९८ मध्ये त्यांनी दुसरं टाकलं, ३९८७ आणि ४३६५ चे बारावे घात मिळून ४४७२ चा बारावा घात. इथे सम-विषम जुळतं. तरी एका साध्या कसोटीने हेही पडतं. ती कसोटी मी सांगत नाही, तुमच्या मुलीला अंकांची बेरीज करून बघू दे.

मात्र हे समीकरण तिला अभ्यासाला लावायचं आमिष म्हणून हातात देऊ नका. "बघ, तुझ्या कार्टूनमध्येसुद्धा गणित आहे," या सुरात तर मुळीच नको. वही परत देताना ते वहीसोबत ठेवा आणि खोलीबाहेर या. गणितासाठी शिकवणीच्या सरांना भेटून ती कुठल्या प्रकरणात अडते ते विचारा. सहामाहीचा पेपर समोर ठेवून बसलं तर तासाभरात कळेल, आणि फेब्रुवारीपर्यंत भरून काढण्याइतका वेळ आहे.

त्या संस्थेत जागा अडवायला आगाऊ रक्कम भरायला सांगितली आहे असं तुम्ही लिहिलंत. भरू नका. मुलीला न विचारता तर अजिबात नको. तिला स्वतःला काही विचारायचं असेल तर तिनेच मला लिहावं, आणि ते पत्र तुम्ही आधी वाचू नये.