टायर घासतोच, वर गाडीही अडवली

प्रश्न: माझी 1972 ची अॅम्बेसेडर आहे. मागे माणसं बसली की उजवा टायर मडगार्डला घासायचा. गॅरेजवाल्याने मागचे पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), शॅकलचे म्हणजे पाट्यांच्या टोकाच्या जोडाचे बुश आणि शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) बदलायचं ठरवून निम्मे पैसे आगाऊ घेतले. काम झाल्यावर ट्रायल घेतली, तर टायर घासतोच. आता तो म्हणतो, टायर तुम्ही आधीच रुंद टाकलेत, मडगार्डचा काठ कापू. उरलेली रक्कम आणि गाडी ठेवल्याचं भाडं दिल्याशिवाय गाडी सोडत नाही. मी काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, काठ कापायला होकार देऊ नका. तोंडी नाही आणि व्हॉट्सअॅपवर ‘बघा काय ते’ अशा शब्दांतही नाही. दोष नेमका कशात आहे हे ठरायच्या आत पत्रा कापला, तर तुमच्या हातातला मोठा पुरावा जाईल. शिवाय तुमच्या गाडीला पन्नास वर्षं झाली आहेत, त्यामुळे 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज, म्हणजे जुन्या जतन केलेल्या गाड्यांसाठीची खास नोंदणी मिळू शकते. त्यासाठी गाडी मूळ रूपात राखलेली असावी लागते. नुसता काठ कापल्याने ती नोंदणी हुकेलच असं मी म्हणणार नाही, पण हा वाद विकत कशाला घ्यायचा?

आता टायरचं बघू, कारण तुमची बाजू तिथेच लंगडी पडू शकते. टायर-रिम कंपनीने ठरवून दिलेल्या मापाचे नसतील, तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं कलम 52 तुमच्याच अंगाशी येऊ शकतं. परवानगीबाहेरच्या बदलासाठी कलम 182अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा टायरच्या बाजूवरचं माप आजच वाचा आणि गाडीच्या मूळ मापाशी ताडून बघा. माप जुळत नसेल तर नोटीस पाठवण्याआधी ते मला किंवा तुमच्या वकिलाला सांगा. समोरच्याच्या उत्तरातून ते कळलं तर पंचाईत होते.

पण टायर रुंद निघाले तरी गॅरेजवाला सुटत नाही. तुमचा टायर एकाच बाजूला घासतो. दोन्ही चाकांवर सारखेच टायर असतील, तर निव्वळ रुंदीमुळे एकच बाजू का घासावी? पाटे एका बाजूला बसलेले असणं, सेंटर बोल्ट (पाटे मधोमध जखडणारा) तुटून अॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, सरकणं, अॅक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट ढिले असणं, ही कारणं आधी तपासायला हवीत. शॉकअप नवे टाकून पाट्यांच्या गाडीची उंची वाढत नाही. वजन पाटे पेलतात, शॉकअप फक्त उसळी आवरतो. ही गोष्ट तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असायला हवी. टायर रुंद आहेत हेही त्याला पहिल्या दिवशी दिसत होतं. तेव्हा गप्प राहून पाट्यांचे पैसे घेतले, मग आता टायरकडे बोट का?

म्हणून गाडी सपाट जमिनीवर उभी करायला लावा आणि दोघांच्या समोर मापं घ्या. मागच्या प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. मग पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फीतपट्टी दिसेल असे फोटो काढा. काढलेले जुने पाटे आणि बुशही मागून घ्या, ते तुमचे आहेत.

तुमचं प्रकरण शेवटी जॉबकार्डवर, म्हणजे गाडी घेताना गॅरेजने काम लिहून घेतलेल्या कागदावर अवलंबून आहे. त्यावर ‘मागचा टायर घासतो, दुरुस्ती’ असं लिहिलं असेल, तर त्याने दोष काढायचं काम अंगावर घेतलं होतं. नुसतं ‘पाटे, बुश, शॉकअप बदलणे’ एवढंच असेल, तर तो म्हणेल की सांगितलं ते केलं. मग तुमची मदार संभाषणावर. जुने मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. मेसेजची छापील प्रत पुरावा म्हणून हजर करायची झाली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

गाडी अडवण्याबद्दल. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. कायद्यातल्या उदाहरणात पैलू पाडायला दिलेला हिरा आहे, पण तत्त्व गाडीलाही तेच लागू होतं. मात्र हा हक्क ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाच्या मजुरीपुरता आहे. त्याच्या जोरावर गाडी विकता येत नाही. आणि आपल्या वसुलीसाठी गाडी अडवली म्हणून ठेवण्याचं भाडं आपोआप चढत नाही. तसं आधी ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ताब्यात असेपर्यंत गाडी जपण्याची जबाबदारी मात्र कलम 151 प्रमाणे त्याचीच.

माझा सल्ला असा: मजुरीची राहिलेली रक्कम ‘हक्क राखून, तक्रारीसह’ असं लिहून बँकेतून द्या आणि गाडी सोडवा. भाडं देऊ नका. चिडून पैसे अडवले तर गाडी तिथेच पावसा-उन्हात राहील. गाडी हाती आली की लगेच दुसऱ्या मेकॅनिककडे खोलू नका. ऑटोमोबाइल अभियंत्याकडून लेखी तपासणी अहवाल घ्या, मगच दुरुस्ती करा. तोवर टायरची आतली बाजू बघा, कापलेली असेल तर गाडी चालवू नका.

मग सदोष सेवेसाठी नोटीस द्या. उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केलीत तर कधी कधी तेवढ्यावरच मिटतं. गाडी लग्नासाठी किंवा शूटिंगला भाड्याने देत असाल तर मात्र आधी सांगा, कारण मग तुम्ही ‘ग्राहक’ आहात की नाही हा पहिला आक्षेप येईल.