पर्ज मारण्याआधी मधले मेसेज बघा

ताई, मंडळातल्या कुणाचं तरी खातं हॅक होऊन तुमच्या टेलिग्राम ग्रुपवर रातोरात शेअर टिप्सचे शेकडो मेसेज पडलेत, आणि रोझ बॉटला (ग्रुप सांभाळणारा आपोआप चालणारा प्रोग्रॅम) एकच पर्ज (गठ्ठ्याने मेसेज पुसण्याचा आदेश) देऊन सगळं साफ करावं का, असं तुम्ही विचारलंय. थांबा. आमच्या सोसायटीत हेच झालं होतं. बॉटला अ‍ॅडमिन कसं करायचं वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

पर्जला स्पॅम ओळखता येत नाही. ज्या मेसेजला रिप्लाय करून तुम्ही पर्ज लिहाल, तिथपासून तुमच्या आदेशापर्यंतचं सगळं जातं. बॉटला ग्रुपचे जुने मेसेज वाचताच येत नाहीत, त्याला फक्त क्रमांक कळतात. ग्रुपमधल्या मेसेजना ओळीने क्रमांक पडतात, बॉट या टोकापासून त्या टोकापर्यंतचे आकडे धरतो आणि जास्तीत जास्त १००च्या गठ्ठ्याने पुसत सुटतो. मध्ये वर्गणीची पावती आहे की लॉटरीची लिंक, त्याला काय घेणं?

आम्ही बडोद्यात समाकडे राहतो. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदी चढली तेव्हा खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. लोक जिन्यातून फोटो काढून ग्रुपवर टाकत होते. एका फोटोत पांढऱ्या गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत गढूळ पाणी, दाराशेजारी तरंगणारी एक चप्पल. त्यातच मदतनिधीच्या नावाने कुठलेकुठले क्यूआर कोड आणि मगरींचे जुने व्हिडिओ (खऱ्या मगरीही रस्त्यावर आल्याच होत्या म्हणा). पाणी ओसरल्यावर एका उत्साही अ‍ॅडमिनने पहिल्या क्यूआर कोडला रिप्लाय करून पर्ज मारला. सुक्याबरोबर ओलंही गेलं.

पुसलेले मेसेज अ‍ॅडमिनला ग्रुपच्या 'रिसेंट अ‍ॅक्शन्स'मध्ये ४८ तास दिसतात. पण वीज नाही, नेटवर्क धड नाही. कुणाच्या लक्षात येईतो ते तासही उलटून गेले.

खरा मनस्ताप पुढे झाला. विम्याचं एक ऑफिस, नाव घेत नाही, पाण्यातल्या गाडीचा तारखेचा पुरावा असलेला फोटो आणा म्हणून अडून बसलं. शेजारच्या काकूंचा फोनच पाण्यात गेलेला, त्यांच्या गाडीचा फोटो होता तो ग्रुपवर. वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या मोबाइलमध्ये टेलिग्रामचे फोटो आपोआप गॅलरीत उतरत होते, म्हणून तो सापडला तरी. पण फोटो म्हणून पाठवला की टेलिग्राम मूळ फोटोतली तारीख-ठिकाणाची नोंद काढून टाकतं, आणि मेसेजखालची वेळ तर पर्जमध्ये गेलेली. साहेब विचारतात, "हा फोटो याच पुरातला कशावरून?" अहो, अर्धं बडोदं पाण्यात होतं, पेपर काढून बघा! गाडीच्या सीटखाली बोटभर चिखल वाळलेला, तो सर्व्हेअरने स्वतः बघितला, तरी कागद हवाच. मग अर्ज, त्यावर स्मरणपत्र, मग "ते रजेवर आहेत". पैसे मिळाले, पण कापून. असो, भरकटलो.

आता तुमचं. मी आयटीतला नाही, कुणी जाणकार असेल तर दुरुस्त करा. पण माझ्या मते पुसण्याआधी कॉम्प्युटरवरच्या टेलिग्राममधून ग्रुपचा एक्सपोर्ट, म्हणजे सगळ्या मेसेजची प्रत, काढायचाच, फोटो आणि फाइल्सवर खूण करून. मोबाइलवर ही सोय नाही, तेव्हा कुणाचा तरी लॅपटॉप मागा. आणि त्या टिप्सपायी कुणी पैसे भरले असतील तर आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन आणि तक्रार, सफाई नंतर.

खातं कुणाचं हॅक झालंय हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे. नुकता घुसलेला कुणी उपटसुंभ असेल तर बॉट हवाच कशाला? त्याला काढताना 'याचे सगळे मेसेज डिलीट करा' ही खूण करायची, झालं. पण तो मंडळाचा खजिनदार असेल, तर त्या एका खुणेने त्याने वर्षभर टाकलेले हिशेबही जातील. तसं असेल तर आधी त्याचं मेसेज पाठवणं बंद करा. मग स्पॅमच्या पहिल्या मेसेजला 'पर्जफ्रॉम' आणि शेवटच्याला 'पर्जटू' असा रिप्लाय द्या. मध्ये कुणाचा चांगला मेसेज दिसला की तिथे तुकडा तोडायचा, पुढून नवा सुरू करायचा. वेळ जातो, जाऊ द्या.

मुलं डिस्कॉर्ड (गप्पांचं दुसरं अ‍ॅप) वापरत असतील तर तिथला नियम वेगळा. १४ दिवसांपेक्षा जुने मेसेज बॉटला गठ्ठ्याने पुसता येत नाहीत, एकेक करून जातात. बॉट बिघडला म्हणून त्याला आणखी परवानग्या देत बसू नका.

डिलीटची परवानगी दोघांपेक्षा जास्त अ‍ॅडमिनना देऊ नये हे माझं ठाम मत, कुणाला राग आला तरी चालेल. सफाई चालू असताना ग्रुपमध्ये मेसेज पाठवणं सगळ्यांनाच बंद ठेवा. आणि ज्यांचं खातं गेलंय त्यांना सेटिंग्जमधल्या 'डिव्हाइसेस'मध्ये जाऊन बाकीची सेशन्स (दुसऱ्या फोन-कॉम्प्युटरवरचं लॉगिन) बंद करायला आणि टू-स्टेप पासवर्ड लावायला सांगा, नाहीतर उद्या पहाटे पुन्हा टिप्स सुरू.