स्मोक अलार्म घरच्या घरी कसा तपासायचा? फोडणीला वाजतो म्हणून सेल काढून ठेवला तर चालेल का?

आधी सेल परत बसवा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये अलार्म स्वयंपाकघराच्या दारावरच लावलाय, मटणाच्या वाटणाला कांदा-खोबरं भाजायला घेतलं की तो कोकलतो, म्हणून आईंनी सेल काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. शिवाय उदबत्ती धरून तपासलं तर चालतं का, असंही विचारलंय. मी कोल्हापुरात वायरिंगची कामं करतो. मुका अलार्म ज्या ज्या घरात बघितला, तिथं बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत होतं, सेल तेवढा काढलेला होता. आणि कारण हेच, जागा चुकलेली.

आत काय होतं ते कळलं की जागेचं महत्त्व पटतं. घरगुती अलार्ममध्ये काळ्या प्लास्टिकचा एक छोटा कप्पा असतो. त्यात एक बारीक दिवा आणि एक सेन्सर तिरके बसवलेले असतात, त्यामुळे एरवी दिव्याचा उजेड सेन्सरवर पडत नाही. धूर आत शिरला की कणांवर आपटून उजेड विखुरतो, त्यातला थोडा सेन्सरपर्यंत पोचतो आणि भोंगा वाजतो. कण जळक्या वायरच्या धुराचे आहेत की खोबऱ्याच्या, हे त्याला ओळखता येत नाही. बाथरूमची वाफ, साचलेली धूळ, पावसाळ्यात आत घुसलेलं चिलट, सगळ्याला तो तसाच ओरडतो.

म्हणून तो तिथून हलवा. शेगडीपासून किमान ३ मीटर लांब, बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजच्या छताला, ही फ्लॅटमधली सगळ्यात चांगली जागा. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून तीनेक फूट अंतर ठेवा, नाहीतर पंखा धूर अलार्मपर्यंत पोचूच देत नाही. आपल्याकडे ही गोष्ट हमखास विसरली जाते, कारण छताच्या मधोमध पंख्याचा हूक असतो आणि लोक त्याच्याच शेजारी भोक पाडतात. अगदी कोपऱ्यातही नको, तिथं हवा कोंडते. भिंतीवरच लावायचा असेल तर छतापासून ३० सेंटीमीटरच्या आत. देवघराच्या डोक्यावर लावू नका, रोजच्या धूपाने तो कावतो आणि पुन्हा सेल निघतो.

आता तपासणी. टेस्टचं बटण भोंगा वाजेपर्यंत दाबून धरा, महिन्यातून एकदा. तारीख लक्षात राहत नसेल तर संकष्टीला करा. पण भोंगा वाजला म्हणजे काम झालं असं समजू नका. एकानं बटण दाबायचं आणि दुसऱ्यानं बेडरूमचं दार लावून, पंखा चालू ठेवून आत थांबायचं. झोपेतून उठवेल एवढा आवाज तिथं येतो का? भोंगा साधारण ८५ डेसिबलचा असतो, पण ते माप ३ मीटरवरचं, आणि बंद दार त्यातलं बरंच खाऊन टाकतं. आजोबा रात्री कानातलं यंत्र काढून झोपत असतील किंवा घरात लहान मुलं असतील, तर त्यांना कोण उठवणार हे आधीच ठरवून ठेवा. मुलं अलार्मनं बऱ्याचदा जागी होत नाहीत.

उदबत्ती नको. तिचा चिकट थर आत बसतो, आणि स्टुलावर चढून पेटती वस्तू प्लास्टिकजवळ धरणं धोक्याचं आहे. खरा धूर आत शिरतो का हे बघायचंच असेल तर त्यासाठी वेगळा टेस्ट स्प्रे मिळतो.

सफाई सोपी आहे. दोन-तीन महिन्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशनं बाहेरच्या फटी साफ करा. ओलं फडकं, कोलिन, झुरळांचा स्प्रे यातलं काहीही त्याच्यावर मारू नका. गाळप हंगामात कारखान्याची काजळी गच्चीवर पडते अशा भागात राहत असाल तर जरा लवकर लवकर करा. घराला रंग देताना त्याला पिशवी बांधा, आणि काम संपलं की त्याच संध्याकाळी सोडा.

मिनिटा-मिनिटाला एकच ‘चिक’ ऐकू आलं तर सेल संपत आलाय. पहाटेच्या गारव्यात सेलचा जोर आणखी उतरतो, म्हणून हे नेमकं झोपेत सुरू होतं. चौकोनी ९ व्होल्टचा सेल असेल तर अल्कलाइनच घ्या आणि दरवर्षी बदला. पाठीमागे बनवल्याची तारीख छापलेली असते. तिथून १० वर्षं झाली की अख्खा अलार्म बदलायचा, बटण दाबल्यावर वाजत असला तरी. तारीख बनवल्याची धरायची, खरेदीची नव्हे.

तुमचा अलार्म सोसायटीच्या पॅनलला, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या आग-इशारा यंत्रणेच्या पेटीला, जोडलेला असेल तर मात्र स्वतः हात लावू नका, हलवायचं कामही त्यांच्याकडूनच करून घ्या. महाराष्ट्रात अशी यंत्रणा नीट चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावं लागतं. सेक्रेटरींकडे ते मागा, तुमचा हक्क आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या शहरानं पाहिलं. शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू. त्यानंतर पेठांतल्या जुन्या घरांतून मला विचारणा होऊ लागल्या. लाकडी तुळया, माळ्यावर जुन्या गाद्या आणि त्यांच्यामधून गेलेली पन्नास वर्षांची वायर. अशा ठिकाणी आग आधी तासन् तास धुमसते, आणि वर सांगितलेला उजेडावर चालणारा अलार्म धुमसणारी आग लवकर पकडतो. ओळखीत कुणाचं असं घर असेल तर एक माळ्याखाली नक्की लावायला सांगा.

एक राहिलं. सिलिंडरची गळती हा अलार्म ओळखत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, त्याचा डिटेक्टर वेगळा आणि तो जमिनीलगत लावायचा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आगीसाठी १०१.

तुमच्या अलार्मच्या पाठीवरची तारीख आणि मॉडेल इथं लिहा, ठेवायचा की बदलायचा ते सांगतो.