अमेरिकी बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार आधी कोणत्या नावाने खेळायचा आणि त्याने नाव का बदललं?

ल्यू अल्सिंडर. जन्म न्यूयॉर्कचा, १९४७ चा. यूसीएलए विद्यापीठाकडून खेळताना त्याने १९६७, ६८ आणि ६९ असं सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. ७ फूट २ इंच उंचीचा हा गडी बास्केटच्या वरूनच चेंडू आत कोंबायचा. १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये अशा कोंबण्यावर, म्हणजे 'डंक'वर चक्क बंदीच आली! त्याने मग एका हाताने, डोक्यावरून अलगद चेंडू सोडण्याचा 'स्कायहुक' घोटून घोटून पक्का केला, आणि तो फटका अडवणं भल्याभल्यांना जमलं नाही.

कॉलेजात असतानाच, १९६८ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला होता. अल्सिंडर हे आडनाव आपल्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या मळेवाल्याचं आहे, असं तो सांगतो. ते त्याला नकोच होतं. १९६९ मध्ये मिलवॉकी बक्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं, १९७१ मध्ये संघ एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा विजेता झाला आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याने नवं नाव जाहीर केलं. कारकीर्द ऐन भरात असताना, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता घेतलेला तो निर्णय मला त्याच्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठा वाटतो.