शिकाऊ फॅमिली थेरपिस्टकडे जावं का? ती नेमकं करते काय?

तुम्ही लिहिलंय की घरात तुम्ही, नवरा आणि सासूबाई असा तिढा पडलाय. फी कमी म्हणून शिकाऊ थेरपिस्टकडे जायचा विचार आहे, पण जिचं स्वतःचं शिक्षण अजून चालू आहे ती काय निवाडा करणार?

निवाडा ती करणारच नाही. अनुभवी असती तरी केला नसता.

मी स्वतः शिकाऊच, दुसरं वर्ष चालू आहे. त्याआधी अकरा वर्षं सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर उभी होते. एकेका घराच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं हातात येतात. सासऱ्यांची ॲसिडिटीची गोळी, सासूबाईंची झोपेची, सुनेची डोकेदुखीची आणि पोराला भूक लागायचं टॉनिक. घरात काही बिनसलं की चारही बिलं एकदम वाढायची. औषधं चार, पण दुखणं एकच असावं, असं वाटत राहायचं. पुढे इग्नूतून मानसशास्त्रात एम.ए. करताना कळलं की असा विचार करणारी एक अख्खी शाखाच आहे.

पहिल्या भेटीत मी कागदावर घरातल्या तीन पिढ्या काढते. त्याला जिनोग्राम म्हणतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, भांडणाला नागमोडी रेघ. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारांतून ही पद्धत पुढे आली. आपल्या वंशावळींत लेकीसुना सहसा नसतातच. एक आजी (तपशील बदललेत) स्वतःच्या गोलावर बोट ठेवून बराच वेळ बसल्या, मग म्हणाल्या, "माझ्या सासूचा पण काढ गं." मग कोठीच्या किल्लीची गोष्ट निघाली. ती किल्ली त्यांना लग्नानंतर सव्वीस वर्षांनी मिळाली होती. शेजारी बसलेली सून हे पहिल्यांदाच ऐकत होती. फ्रिज कुणी कसा लावायचा यावरून दोघी आमच्याकडे आल्या होत्या.

"तुमचं का पटत नाही?" असं विचारलं की दोन्हीकडून वकिली सुरू होते. म्हणून मी नवऱ्याला विचारते, "या दोघी बोलेनाशा झाल्या की घरात आधी कुणाला कळतं? मग तो काय करतो?" "मी गाडी काढतो आणि चक्कर मारून येतो." तो गेला की दोघी आणखी धुमसतात, आणि त्या धुमसतात म्हणून तो आणखी उशिरा येतो. हे चक्र त्यांना स्वतःला दिसणं, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप. अशा गोल फिरणाऱ्या प्रश्नांची पद्धत इटलीतल्या मिलानच्या गटाने १९८० च्या सुमारास मांडली.

आता शिकाऊपणाचं. तुमची लेखी परवानगी असेल तरच आमचं सत्र रेकॉर्ड होतं आणि सुपरवायझर मॅडम ते बघतात. एकदा रेकॉर्डिंग थांबवून त्यांनी मला विचारलं, "इथे तू कोणाची सून होऊन बोलतेयस?" ऐकलं तर खरंच, दहा मिनिटं मी सासूबाईंना एकही प्रश्न विचारला नव्हता. पुढच्या भेटीत मी ते त्यांच्यासमोर कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." एकटीने काम करत असते तर माझ्या हे लक्षातही आलं नसतं.

अजून एक चाचपडणं हाक मारण्याचं. सगळे एका पातळीवर यावेत म्हणून मी एका नववीतल्या मुलीला 'तुम्ही' म्हटलं, तर ती खुदकन हसली आणि वडील गोरेमोरे झाले. आता मी आधी प्रत्येकाला विचारते, काय म्हणू?

मारहाण होत असेल तर मात्र सगळ्यांना एकत्र बसवत नाहीत. तिथे बाईने खोलीत खरं बोलायचं आणि घरी जाऊन त्याची किंमत मोजायची, असं होतं. तसं काही असेल तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

नवरा येणार नाही म्हणतोय, तर तुम्ही एकट्या जा. घरातल्या एकाच माणसाबरोबर काम करणं बोवेननाही मान्य होतं. पहिल्याच फोनवर विचारून घ्या की सुपरवायझर कोण, त्यांचं शिक्षण काय, रेकॉर्डिंग कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार. उत्तर देताना समोरची अडखळली तर दुसरीकडे बघा.

आणि सासूबाई यायला तयार झाल्या तर संध्याकाळी सातची वेळ घेऊ नका. आमच्याकडे ती कायम रिकामी असते, मालिकांमुळे.