ग्वाडलकनालची हवाई लढाई अभ्यासायची तर

विमानांच्या वेगाचे तक्ते बाजूला ठेवा, आधी नकाशा घ्या. दुसऱ्या महायुद्धातला राबाउल हा जपानी तळ ते ग्वाडलकनाल बेटावरची अमेरिकी धावपट्टी हेंडरसन फील्ड, हे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. जपानी विमानं सकाळी निघून दुपारच्या सुमारास पोचत, कारण अंधाराआधी परतायचं असे. इंधनाची जादा टाकी लावूनही झिरो या जपानी लढाऊ विमानाला बेटावर लढायला थोडाच वेळ मिळे, आणि मार लागलेलं विमान बऱ्याचदा वाटेतच समुद्रात जाई. वाटेतल्या बूगनव्हिल बेटावरचा बुईनचा जवळचा तळ ऑक्टोबर १९४२ मध्ये हाताशी आला, तोही उशिराच.

मग अमेरिकी बाजूचं घड्याळ बघा. जपानी बॉम्बर्सच्या वर चढायला वाइल्डकॅट या अमेरिकी लढाऊ विमानाला अर्धा-पाऊण तास लागे. बूगनव्हिलवर लपलेले मित्रराष्ट्रांचे टेहळे पॉल मेसन आणि जॅक रीड रेडिओवरून येणाऱ्या जपानी ताफ्याची खबर देत, म्हणून ती उंची गाठता येई. या दोघांचं महत्त्व कमी लेखू नका. खबर उशिरा आली की वाइल्डकॅट खालीच गाठले जात. उंचीवरून एक झडप, सहा बंदुकांचा मारा आणि सूर मारून पसार, हीच त्यांची रीत. झिरोशी वळणावळणाची झुंज जिवावर बेते.

पाडलेल्या विमानांचे दावे दोन्हीकडे फुगलेले आहेत. नुकसान ज्याचं त्याच्याच नोंदींतून मोजा. १३-१४ ऑक्टोबरच्या रात्री कोंगो आणि हारुना या जपानी युद्धनौकांच्या तोफांनी जमिनीवर उद्ध्वस्त केलेली विमानं वेगळ्या रकान्यात लिहा.