सदस्य नसलेल्या जाहिरातदाराला स्वयंनियमन संस्था रोखू शकते का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: तुमची कंपनी जाहिरात स्वयंनियमन संस्थेची, म्हणजे जाहिरात व्यवसायाने स्वतःवर देखरेख ठेवायला उभारलेल्या संस्थेची सदस्य नाही, तरी तिचं पत्र आलंय की अमुक दाव्याचा पुरावा द्या, नाहीतर जाहिरात मागे घ्या. हा अधिकार त्यांना दिला कोणी, आणि पत्राकडे दुर्लक्ष केलं तर काय होईल, असं तुम्ही विचारताय.

तुम्हाला थेट हुकूम सोडण्याचा अधिकार त्यांना नाही. अशी संस्था सहसा खाजगी कंपनी किंवा संघटना असते. तिचे नियम म्हणजे सभासदांचा आपसातला करार, आणि त्यात जो सामील नाही त्याला तो बांधत नाही. दंड, जप्ती, मनाई हुकूम यांतलं काहीच तिच्या हातात नसतं. भारतातली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे ॲस्की, 1985 साली ना-नफा कंपनी म्हणून स्थापन झाली. तिची सदस्य नसलेली सेंच्युरी प्लायबोर्ड्स तिच्या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने हेच सांगितलं की सदस्य नसलेल्यावर संस्थेला असा अधिकार चालवता येणार नाही. तुमचे वकीलही बहुधा हाच निकाल पुढे ठेवतील.

पण कृपा करून तेवढ्यावर विसंबू नका. जाहिरातदारांसाठी अशा पत्रांची उत्तरं तयार करणं हे माझं रोजचं काम आहे. एका कंपनीने माझ्याकडे येण्याआधीच उत्तर धाडलं होतं: ‘आम्ही आपले सदस्य नाही, सबब आपले पत्र आम्हांस लागू नाही.’ दाव्याबद्दल एक अक्षर नाही. काही आठवड्यांनी वाहिनीच्या जाहिरात विभागाचा मेल आला की संस्थेचा निर्णय तुमच्या विरोधात गेलाय, सुधारित फिल्म येईपर्यंत स्पॉट लावता येणार नाहीत. मालक मला सारखं विचारत होते, ‘पण यात वाहिनीचा काय संबंध?’

सगळा संबंध वाहिनीचाच होता. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मध्ये 2006 साली दुरुस्ती झाली, आणि ॲस्कीच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबल सेवेवर दाखवायची नाही, असं नियम 7(9) मध्ये आलं. हा नियम सदस्यत्व विचारत नाही. तो जाहिरात दाखवणाऱ्याचे हात बांधतो, आणि त्याचे बांधले की तुमचे आपोआप बांधले जातात. वर सांगितलेला निकाल या दुरुस्तीच्या आधीचा आहे, हे त्याचा आधार घेताना विसरू नका.

ब्रिटनमध्ये तर सदस्यत्वाचा मुद्दाच फारसा उरत नाही. तिथली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी 1962 पासून काम करते. वृत्तपत्रं, एजन्सी, जाहिरातदार यांच्या संघटनांनी संहिता स्वीकारलेली असल्यामुळे नियम मोडणाऱ्याला जागाच मिळेनाशी होते. खरी पंचाईत होते ती जाहिरात तुमच्याच वेबसाइटवर असते तेव्हा, कारण मध्ये अडवणारं कोणी नसतं. मार्च 2011 पासून ही संस्था कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरचे दावेही तपासते. न ऐकणाऱ्याचं नाव ती आपल्या साइटवर जाहीर करते, सर्च इंजिनांना त्याच्या पैसे भरून लावलेल्या जाहिराती काढायला सांगते, आणि तरीही नाही ऐकलं तर प्रकरण सरकारी यंत्रणेकडे जातं.

अमेरिकेतही शेवटचं टोक तेच. नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजन या तिथल्या स्वयंनियमन संस्थेपुढे हजर राहणं ऐच्छिक आहे, पण नकार दिला की फाइल फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेकडे पाठवली जाऊ शकते. तिथे ऐच्छिक काही नसतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की फसवा दावा करू नका हा नियम संस्थेने जन्माला घातलेला नाही. तो कायद्यातच आहे आणि सदस्य असा-नसा, तुम्हाला लागू आहे. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली नेमलेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाख आणि पुढच्या वेळी 50 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. तुमची जाहिरात बघून औषध किंवा विमा घेणाऱ्या माणसाला तुम्ही कुठले सभासद आहात हे माहीत नसतं, आणि त्याला ते माहीत असण्याची गरजही नाही. म्हणून ‘आम्ही सदस्य नाही’ हा बचाव मला तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि तरीही लंगडा वाटतो.

याचा अर्थ संस्थेने काहीही करावं असा मुळीच नाही. तुमचं म्हणणं न ऐकता निर्णय दिला, पुरावा वाचलाच नाही, तर कोर्टाचा दरवाजा उघडा आहे. ब्रिटनच्या न्यायालयाने 1989 मध्ये एका विमा कंपनीच्या प्रकरणात ठरवलं की ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी खाजगी असली तरी सार्वजनिक स्वरूपाचं काम करते, म्हणून तिच्या निर्णयाची न्यायालयीन छाननी होऊ शकते.

तेव्हा पत्रातली मुदत आधी बघा आणि त्या आत उत्तर द्या. पहिल्या परिच्छेदात लिहा की आपलं अधिकारक्षेत्र मान्य न करता आणि आमचे सर्व हक्क अबाधित राखून हे उत्तर देत आहोत. हे वाक्य राहून गेलं तर पुढे हरकत घेणं जड जातं. मग दाव्याचा एकेक शब्द घ्या आणि त्यापुढे पुरावा जोडा: चाचणीचा अहवाल, तारीख, कोणी केली, कशावर केली. अहवाल जाहिरात सुरू होण्याआधीचा असेल तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम आहे. तो नंतर करून घेतलेला असेल, किंवा नसेलच, तर उत्तर पाठवण्याआधी जाहिरात थांबवा.